नांदायला पाठवण्याआधी

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



ज्या बाईंच्या आठवणीसाठी आपण इथं जमलो आहोत, त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत दारामागं एक गादी कायम गुंडाळून ठेवलेली असायची. तिच्यावर धुतलेली चादर आणि शेजारी पाण्याचा तांब्या. बाई शाळेत गणित शिकवायच्या. संध्याकाळी शिकवणीची मुलं गेली की ती खोली रिकामी व्हायची, आणि महिन्यातून दोन-तीनदा तरी रात्री उशिरा कुणीतरी कडी वाजवायचं. बाई दार उघडून एवढंच विचारायच्या, "जेवलीस का?" काय झालं, कुणी मारलं, चूक कुणाची, हे सगळं सकाळी चहा झाल्यावर. मी त्यांना एकदा विचारलं होतं की तुम्ही रात्रीच सगळं का ऐकून घेत नाही. त्या म्हणाल्या, "अगं, रात्री तिला फक्त झोपायला जागा पाहिजे असते."

मी त्यांच्या हाताखाली काम शिकले आणि पुढे अठ्ठावीस वर्षं आमच्या तालुक्याच्या गावी महिला समुपदेशन केंद्रात बसले. आयोजकांनी मला विषय दिला आहे तो स्त्रियांवरचा हिंसाचार रोखण्यातल्या अडचणींचा. विषय फार मोठा आहे. मी त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे, कारण ती मला इतकी वर्षं सलत आली आहे. घरात मार खाणारी बाई मदत मागायला बाहेर पडते, तेव्हा तिची आई, पोलीस, वकील आणि आम्ही समुपदेशकसुद्धा तिला एकाच दिशेला वळवतो, ज्या घरातून ती पळून आली त्याच घराकडे. तिच्यासाठी दुसरं छप्पर आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नसतं, आणि तिच्या नावावर तर नसतंच.

'नांदणं' हा आपला किती गोड शब्द! लग्नात वडीलधारी माणसं 'सुखानं नांदा' म्हणतात. पण केंद्रातल्या टेबलावर तो वेगळ्याच रूपांत यायचा. "तो नांदवत नाही." "ती नांदायला तयार आहे का?" "पोरीला नांदायला पाठवा." नांदवायचं की नाही हे ठरवणारा तो, नांदणारी ती. आपल्याकडे पुरुष नांदायला जात नाही. गेलाच तर त्याला घरजावई म्हणतात, आणि तो शब्द आपण कोणत्या सुरात उच्चारतो हे तुम्हाला माहीत आहे. बाईनं दुसऱ्याच्या घरात नांदायचं हे इतकं मुरलेलं आहे, की ते घर तिचंही असू शकतं हे कायद्यानं लिहून दिल्यावरसुद्धा आपल्या गळी उतरत नाही.

यावरून महाराष्ट्रात एक मोठा खटला होऊन गेला आहे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. त्या आईकडेच वाढल्या, शिकल्या, आणि नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला. १८८४ साली नवरा मुंबई उच्च न्यायालयात गेला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूनं लागला, पण अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंगात जाईन. प्रकरण पुढच्या वर्षी पैसे देऊन मिटलं आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. आज त्यांचं कौतुक आपण सगळेच करतो. पण ज्या प्रकारच्या दाव्यानं त्यांना तुरुंगाच्या दारापर्यंत नेलं, तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये अजून आहे. आता कोर्ट बाईला तुरुंगात पाठवत नाही एवढंच. आमच्या भागात त्याला 'नांदायला येण्याची नोटीस' म्हणतात. बाईनं पोटगीचा अर्ज केला की आठवड्या-दोन आठवड्यांत ही नोटीस तिच्या माहेरी येऊन पडते. मी तर तुला बोलावतो आहे, तूच येत नाहीस, हे कागदावर आणण्यासाठी.

आता मी माझ्याकडून झालेली एक गोष्ट सांगते. ती मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं होती. एक बाई आली, वय पंचवीसच्या आसपास, काखेत लहान मूल. हातात कापडदुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. तिनं ती टेबलावर रिकामी केली. रेशनकार्डाची झेरॉक्स, मुलाचा जन्मदाखला, रुमालाच्या गाठीत बांधलेलं मंगळसूत्र, आणि चार घड्या घातलेला एक कागद. तो कागद म्हणजे पोलीस ठाण्यात नोंदवलेल्या अदखलपात्र गुन्ह्याची प्रत, ज्याला सगळे एनसी म्हणतात. घड्यांवर तो फाटायला आला होता. तिला वाटत होतं की तिची केस झाली आहे. एनसीवर पोलीस न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तपास करू शकत नाहीत, म्हणजे तो कागद आहे तिथंच राहणार, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याच्या छळाविरुद्ध दखलपात्र गुन्ह्याचं ४९८अ हे कलम १९८३ पासून होतं. ते लावायचं की साध्या मारहाणीची एनसी घ्यायची, हे ठाणे अंमलदारानं त्याच्या मनानं ठरवलं होतं.

मी नवऱ्याला बोलावलं. तो आला, रडला, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं शपथ घेतली. दोन्हीकडची चार माणसं बसवली. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं. त्या काळी आमच्या मासिक अहवालात एक रकाना असायचा, 'समेट झालेली प्रकरणं'. त्यातला आकडा मोठा असला की वरिष्ठ खूश होत. त्या महिन्यात मी तिचं प्रकरण त्या रकान्यात धरलं.

आठ महिन्यांनी ती परत आली. मी बोलत होते आणि ती सारखी मान वळवत होती, उजवा कान माझ्याकडे करत होती. मला वाटलं लक्ष नाही. मग तिनंच सांगितलं, डाव्या कानानं ऐकू येत नाही. एका थपडेत पडदा फाटला होता, पुढे पू झाला, औषध वेळेवर मिळालं नाही. तिचा माझ्यावर राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. तिला मी विचारलं होतं, "नांदायची इच्छा आहे का?" दुसरा कुठला पर्यायच समोर नसताना याचं उत्तर ती काय देणार होती? "आज रात्री कुठं जाशील? तिथं तू सुरक्षित आहेस का?" हे विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून मी बाई दाखवेल तो प्रत्येक कागद नीट वाचायला लागले. सगळ्यात जास्त शिकवलं ते दवाखान्याच्या केसपेपरनं. सरकारी दवाखान्यात बाई नवऱ्याबरोबर किंवा सासूबरोबर येते. डॉक्टर विचारतात, काय झालं? सासू सांगते, बाथरूममध्ये पाय घसरला. डॉक्टरांपुढे पन्नास जणांची रांग असते. केसपेपरवर 'पडून मार' असं लिहिलं जातं, गोळ्या दिल्या जातात, पुढचा पेशंट. दोन वर्षांनी बाई कोर्टात उभी राहते तेव्हा समोरचा वकील तोच केसपेपर काढतो: तुम्ही तर स्वतःच पडला होतात! खरं तर पडण्याच्या जखमा आणि मारण्याच्या जखमा डॉक्टरांना ओळखता येतात. दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ पाय घसरून उमटत नाहीत. मार चुकवायला हात वर केलेल्या बाईला मनगटापासून कोपरापर्यंतच्या बाहेरच्या बाजूला लागतं. कमी पडते ती सासूला पाच मिनिटं बाहेर बसवून बाईशी एकटीशी बोलायची सवय.

हे करता येतं, हे मुंबईनं दाखवून दिलेलं आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' सुरू झालं, महापालिका आणि 'सेहत' या संस्थेनं मिळून. बाईला मदतीसाठी वेगळ्या इमारतीत जायला लावायचं नाही, ती जिथं येतेच तिथं मदत ठेवायची, ही त्यामागची कल्पना. दवाखान्यात जायला सासरचेही अडवत नाहीत. तिथल्या परिचारिकांना आणि डॉक्टरांना केसपेपरवरून संशय घ्यायला शिकवलं. वारंवार येणारी डोकेदुखी, विष घेतलेली बाई, गरोदरपणात पोटाला लागलेला मार. असं काही दिसलं की बाईला आतल्या खोलीत पाठवायचं. मला विचाराल तर हिंसाचाराविरुद्ध या राज्यात झालेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हे आहे, आणि ते अजून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पोचलेलं नाही याचं मला मनापासून दुःख आहे.

पोलीस ठाण्यातही असाच एक प्रयोग त्याआधी झाला होता. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात, पण पोलीस नसलेली प्रशिक्षित समाजकार्यकर्ती. पुढे तो राज्यभर पसरला. ठाण्याच्या पायरीशी घुटमळणाऱ्या बाईला आत कुणीतरी आपलं बसलेलं आहे, एवढ्यानंसुद्धा फरक पडतो. पोलीस ठाण्याबद्दलची भीती कुठून येते हे सांगायला मला देसाईगंजचं नाव पुरेसं आहे. १९७२ साली तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा खटला झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आरोपींना सोडलं. मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, हे एक कारण. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पण खूण दिसली नाही म्हणजे घडलंच नाही, हा विचार चौकीपासून चहाच्या टपरीपर्यंत मी आजही रोज ऐकते.

आता छपराकडे परत येते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याचं सगळ्यात मोठं देणं कलम १७ मध्ये आहे. ज्या घरात ती संसार करते, त्या घरात राहायचा तिला हक्क आहे, मग ते तिच्या नावावर असो वा नसो. कलम १९ तर म्हणतं की कोर्ट मारणाऱ्या पुरुषाला घराबाहेर जायला सांगू शकतं. सासूसासऱ्यांच्या नावावरचं घर यात येतं की नाही यावर बरीच वर्षं घोळ होता. सर्वोच्च न्यायालयानं आपला २००६ चा निकाल फिरवून ऑक्टोबर २०२० मध्ये तो मिटवला. सासूसासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते तिचं सामाईक घर असू शकतं.

कायद्यात वेळापत्रकही आहे. अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न. माझ्या केंद्रातून गेलेल्या अर्जांना साठ दिवसांत निकाल लागल्याचं मला आठवत नाही. वर्ष, दोन वर्षं, समन्स बजावलं गेलं नाही, वकील आले नाहीत, पुढची तारीख. तोवर ती राहते कुठं? भावाच्या घरी, वहिनीच्या कपाळावरच्या आठ्या मोजत. या कायद्याचा कणा म्हणजे संरक्षण अधिकारी. पण हे काम वर्षानुवर्षं दुसऱ्याच एखाद्या अधिकाऱ्याच्या गळ्यात अतिरिक्त कार्यभार म्हणून बांधलं गेलं. कायदा झाल्यावर वीस वर्षांनी, २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा. अडचण कुठं आहे, हे यावरून कळावं.

आणि जी केंद्रापर्यंत, कोर्टापर्यंत पोचतच नाही तिचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची फेरी सांगते की १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याची हिंसा सोसली आहे. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितली फक्त १४ टक्क्यांनी. त्यातल्याही बहुतेक जणी माहेरच्यांकडे गेल्या. म्हणजे या देशात बाईसाठीचं सगळ्यात मोठं मदत केंद्र तिचं माहेर आहे, आणि त्या केंद्रात काम करणारे लोक आपण आहोत. याच पाहणीत सुमारे ४५ टक्के बायकांनी सांगितलं की काही कारणांसाठी नवऱ्यानं मारणं योग्य आहे. आपल्या आयांच्या, सासवांच्या, मावश्यांच्या तोंडचं वाक्य आहे ते. "त्यानं मारलं, पण कुंकू तर त्याचंच ना!"

माहेरचे लोक दुष्ट नसतात. मुलीला परत पाठवताना रडणारे बाप मी पाहिले आहेत. पण त्यांच्या मनात एक हिशोब पक्का असतो. पोरगी दिली, तिचं घर आता ते, हे घर पोराचं. या हिशोबावर सही झालेली असते. आमच्या भागात ती सही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते. मुलीच्या लग्नानंतर किंवा वडील गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी भाऊ येतो, गोड बोलतो, साडी आणतो, आणि हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतो. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला, २००५ मध्ये केंद्रानं तो सगळ्या देशात दिला. कायद्यानं एका हातानं दिलं, रिवाजानं दुसऱ्या हातानं काढून घेतलं. सही देणारी बहीण म्हणते, माहेर तुटायला नको. काही वर्षांनी सुजलेल्या तोंडानं ती त्याच माहेरी येते, तेव्हा तिथं तिच्या नावाची एक वीटही नसते, आणि चौथ्या दिवशी तिला कळतं की आपण पाहुणी आहोत.

मालकी असली की मार थांबतो का, असं मला तरुण कार्यकर्त्या विचारतात. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी याचा अभ्यास केला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बायकांच्या नावावर ना जमीन ना घर, त्यांच्यापैकी ४९ टक्के जणींनी नवऱ्याचा मार खाल्ला होता. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्यांत हा आकडा ७ टक्के होता. मारणाऱ्याला माहीत असतं की हिला दुसरीकडे जायला जागा आहे, आणि त्याचा हात आवरतो. एकदा जरी मारलं तरी ती उठून जाऊ शकते. एवढा फरक दारू सोडायच्या शपथांनी पडलेला मी पाहिला नाही.

बाईला आधी हक्काचं छप्पर द्यावं, हे आपल्याकडे कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा फसवल्या गेलेल्या विधवांना उपदेश केला नाही. येऊन बाळंत व्हायला जागा दिली. तिथं जन्मलेलं एक मूल त्यांनी दत्तक घेतलं. शेतकरी संघटनेच्या बायकांनी १९८६ मध्ये चांदवडला मेळावा भरवला, लाखावर बायका आल्या. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली आणि अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी स्वतःहून बायकोच्या नावावर जमीन केली. कायद्याचा बडगा नव्हता. गावानं ठरवलं आणि सातबारावर नावं चढली. ग्रामपंचायतीच्या घरनोंदीवर, म्हणजे नमुना आठवर, नवरा-बायको दोघांची नावं लावण्याचं 'घर दोघांचे' हे अभियानही राज्यात झालं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला आणि बारा-तेरा दिवसांत राज्य सरकारनं तोच कित्ता बाकीच्या गावांपुढे ठेवला. गावाची ग्रामसभा हे करू शकते, तर दर वर्षी किती घरं दोघांच्या नावावर झाली हेही विचारू शकते.

त्या कान गेलेल्या बाईचं पुढे काय झालं, हे तुम्हाला जाणून घ्यायचं असेल. दुसऱ्यांदा आली त्या रात्री मी तिला बाईंच्या घरी नेलं. दारामागची गादी पसरली गेली. तिथं ती सव्वादोन महिने राहिली. मग भाड्याची खोली, शाळेत पोषण आहार शिजवायचं काम, बचत गटाचं कर्ज. घटस्फोट तिनं घेतला नाही, नवऱ्याकडे परतही गेली नाही. अकरा वर्षांनी तिला घरकुल मंजूर झालं. वास्तुशांतीला तिनं आम्हाला बोलावलं, आणि जेवायच्या आधी पत्र्याच्या पेटीतून नमुना आठचा उतारा काढून बाईंच्या हातात दिला. मालकाच्या रकान्यात तिचं एकटीचं नाव होतं. बाईंनी तो दोनदा वाचला.

इथं बसलेल्या भावांना आणि बापांना माझी एकच विनंती आहे. येत्या उन्हाळ्यात तुमच्यापैकी काहींच्या घरी वाटण्या होतील, वारसनोंदी होतील. तलाठ्याकडे जाताना बहिणीची सही मागू नका. तिनं प्रेमानं दिली तरी घेऊ नका. आणि माझ्या बहिणींनो, रात्री कुणी तुमची कडी वाजवली तर आधी तिला जेवायला विचारा आणि झोपायला जागा द्या. १८१ या महिला हेल्पलाइनला, नाहीतर पोलिसांच्या ११२ ला फोन करा. तिला परत पाठवायचं का, हा निर्णय तिच्यावर सोडा.